सहा आणि सात कुठे गेले?

एखाद्या माणसाला एखादी गोष्ट मिळणारच नसेल, तर ती त्याला दाखवावी का?

प्रश्न साधा वाटतो. हॉटेलात मिसळ संपली असेल तर फळ्यावरचं ‘मिसळ’ पुसून टाकतात, विषय संपतो. पण ती सगळ्यांसाठी संपलेली असते. समजा, मिसळ आहे, मागच्या टेबलवर वाढलीही जातेय, फक्त तुम्हाला द्यायची नाही असं मालकाने ठरवलंय. आता त्याच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, तुम्हाला तोंडावर सांगायचं की तुम्हाला मिसळ मिळणार नाही. दोन, तुमच्या हातात मिसळ नसलेलं वेगळं मेनूकार्ड द्यायचं. पहिल्यात तुमचा अपमान होतो. दुसऱ्यात तुम्ही पोहे खाऊन, मालकाला नमस्कार करून, खुशीत घरी जाता.

कोणता मालक जास्त चांगला?

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो एका अगदी जुनाट छंदातून. आम्ही काही मित्र मिळून एक बुलेटिन बोर्ड चालवतो. त्याची स्वागताची पाटी आणि आतल्या याद्या बनवायचं काम माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बुलेटिन बोर्ड पाहिलेला नसणार, म्हणून आधी तो काय असतो ते सांगतो.

एक फोन, एक पाहुणा

जानेवारी १९७८मध्ये अमेरिकेत शिकागोला मोठं हिमवादळ झालं. घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सनने रँडी सूस या मित्राला सोबत घेऊन एक यंत्रणा उभी केली आणि १६ फेब्रुवारीला ती सुरू झाली. कल्पना अशी की सोसायटीच्या सूचना फलकावर कागद टाचतात तसे निरोप कॉम्प्युटरवर टाचायचे. कॉम्प्युटर एकाच्या घरी. त्याला मोडेम, मोडेमला टेलिफोनची लाइन. तुम्ही तुमच्या घरून फोन लावायचा, आत जायचं, निरोप वाचायचे, आपला लिहायचा, फोन ठेवायचा. लाइन एकच असली तर तुम्ही आत असेपर्यंत दुसऱ्याला एंगेज टोन.

म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपच, पण एका माणसाच्या घरातला, आणि एका वेळी एकच जण आत जाऊ शकेल असा.

आपल्याकडेही असे बोर्ड होते. मुंबईत सुचित नंदा यांचा ‘लाइव्ह वायर’ आणि बेंगळुरूत अतुल चिटणीस यांचा ‘सिक्स’ ही त्यातली गाजलेली नावं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्याच्या आधीपासून ही मंडळी फोनच्या तारेवर जमत होती. नगरहून कुणाला मुंबईच्या बोर्डावर जायचं असेल तर एसटीडी लावावा लागणार. तेव्हा रात्री उशिरा एसटीडीचा दर पावपट व्हायचा आणि बूथवर रांगा लागायच्या, हे घरातल्या थोरल्यांना विचारा, ते सांगतील.

आता स्वागताची पाटी. त्या काळचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी. चित्र काढायचं ते अक्षरांनी, चौकोनी ठोकळ्यांनी आणि १६ रंगांनी. ‘द ड्रॉ’ नावाचा प्रोग्रॅम त्यासाठी लोकप्रिय होता. लोक किल्ले काढत, ड्रॅगन काढत, आपल्या बोर्डाचं नाव ज्वाळांमध्ये लिहीत. पण जरा हिशेब करू. २४०० बिट वेगाचा मोडेम सेकंदाला साधारण २४० अक्षरं पाठवतो. ८० रकाने आणि २४ ओळी म्हणजे १९२० अक्षरं, म्हणजे ८ सेकंद. रंगाच्या खुणा वेगळ्या, त्या धरल्या तर आणखी वेळ. पाहुण्याच्या फोनचं मीटर तेवढा वेळ फिरतंय. यजमानाने आपल्या हौसेसाठी काढलेल्या ड्रॅगनचे पैसे पाहुणा भरतोय.

त्यामुळे मला वाटतं, पाटी बनवणं हे पहिल्यापासूनच निव्वळ कलाकुसरीचं काम नव्हतं. त्यात ‘मी याचा किती वेळ घेऊ?’ हा प्रश्न होता. अनेक बोर्डांवर कुठलीही कळ दाबून चित्र अर्ध्यात तोडता यायचं. चित्र काढायचं, पण ते न बघण्याची मुभाही द्यायची. माझ्या मते बोर्ड चालवणाऱ्यांनी शोधलेल्या सगळ्यात सभ्य गोष्टींपैकी ही एक आहे. तुमच्या फोनवरच्या पाच सेकंदांनी ‘स्किप’ होणाऱ्या जाहिराती आठवा, म्हणजे फरक लक्षात येईल.

प्रत्येकाला वेगळी यादी

बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गंमत असायची. पाटीच्या मजकुरात ठरावीक खुणा घातल्या की त्या जागी पाहुण्याचं नाव यायचं, तो शेवटचा कधी आला होता ते यायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, यंत्राने आपल्याला ओळखलं.

त्याहून महत्त्वाची होती ती पातळी. चालक प्रत्येक सभासदाला एक आकडा द्यायचा. नवख्याला लहान आकडा, भरवशाच्या माणसाला मोठा. आकड्यावर ठरायचं की रोज किती मिनिटं मिळणार, कुठल्या खोल्या उघडणार. आणि याद्याही आकड्याप्रमाणे वेगवेगळ्या दाखवता यायच्या. नवख्याला चार ओळींची यादी, जुन्याला बारा ओळींची. दोघांनाही वाटणार, यादी एवढीच आहे.

आमचा बोर्ड आज फोनवर नाही, इंटरनेटवरून चालतो. एका जुन्या लॅपटॉपवर ‘सिंक्रोनेट’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलंय. पण आत आल्यावर सगळं तेव्हासारखंच: काळा पडदा, रंगीत अक्षरं, आकडा दाबा आणि पुढे जा. सभासद पस्तीसेक, बहुतेक नगर जिल्ह्यातले, निम्मे एकाच तालुक्यातले. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या बोर्डावर कुणी अजून ‘नगरला चाललो’ लिहिल्याशिवाय राहत नाही.

पाटी मराठीत करायची हे मी आधीच ठरवलं होतं. तिथेच पहिला धडा मिळाला. ८० रकान्यांचा पडदा इंग्रजीच्या मापाने कापलेला आहे. एक अक्षर, एक घर. आपल्याकडे ‘स्वा’ला किती घरं द्यायची? कुठल्या फोनवर दोन घरं लागतात, कुठल्या लॅपटॉपवर तीन. पूर्वीच्या यंत्रांमध्ये तर देवनागरी मुळात बसतच नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर मराठी उमटायची. म्हणजे त्या काळच्या बोर्डांच्या यादीत ‘मराठी’ हा पर्याय सहसा नसायचा, आणि तो नाही असंही लिहिलेलं नसायचं. आमच्या पाटीवर मी डावीकडे, वर आणि खाली चौकट काढली. उजवीकडची काढली नाही, कारण अक्षरांच्या कमीजास्त रुंदीने ती दर ओळीला वाकडी व्हायची. आता पाटी उजव्या अंगाने उघडी आहे.

दुसरा धडा मावसबहिणीने दिला. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. बोर्डावर आली, नाव नोंदवलं, दहा मिनिटांत तिचा फोन.

“दादा, तुझ्या यादीत पाचानंतर एकदम आठ कसा? सहा आणि सात कुठे गेले?”

यादी अशी होती. १ निरोप, २ चर्चा, ३ गावाकडच्या बातम्या, ४ वाचनालय, ५ बुद्धिबळ, ६ फाइलींचं कोठार, ७ मागची खोली, ८ बाहेर पडा. सहा आणि सात नवख्यांना बंद असल्याने सॉफ्टवेअर त्या ओळी गाळत होतं. आकडे मात्र मी मुद्दाम पक्के ठेवले होते, म्हणजे जुन्यांच्या बोटांची सवय मोडायला नको.

मी हे मित्राला सांगितलं. बोर्डाचा तांत्रिक भाग तो बघतो. तो म्हणाला, “मग त्यात काय? नवख्यांसाठी आकडे सलग कर. एक ते सहा. कुणाला कळणारही नाही.”

काम पाच मिनिटांचं होतं. ‘कुणाला कळणारही नाही’ या शब्दांशी मात्र मी बरेच दिवस अडून बसलो.

बिनदाराच्या गावातली बंद जागा

माझं आजोळ नेवासे तालुक्यात, घोडेगावजवळ. तिथून शनिशिंगणापूर हाकेच्या अंतरावर. या गावाची ख्याती तुम्हाला माहीत आहे. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवून ठेवतात. २०११मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली, तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून देशभर बातम्या झाल्या. त्या बातम्या नीट वाचल्या तर एक मजेदार तपशील सापडतो. शाखेला काचेचं दार होतं आणि त्याला सहज दिसणार नाही असं विजेच्या चुंबकावर चालणारं कुलूप. गावाच्या श्रद्धेचा मान राखला, ठेवीदारांच्या पैशांचाही राखला. मला यात खोटेपणा दिसत नाही. बँकेला काहीतरी राखण असणार हे प्रत्येक ठेवीदाराला माहीत असतं.

पण याच बिनदाराच्या गावात एक जागा निम्म्या माणसांना बंद होती. शनीच्या चौथऱ्यावर बायकांना चढायला मनाई होती. ती लपवलेली नव्हती. सगळ्यांना ठाऊक होती. नोव्हेंबर २०१५मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर गेली आणि नंतर तिथे शुद्धीकरण झालं. २६ जानेवारी २०१६ला तृप्ती देसाई आणि भूमाता ब्रिगेडच्या बायका निघाल्या, त्यांना सुप्यातच अडवलं. ‘मिळून साऱ्याजणी’च्या विद्या बाळ आणि वकील नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. तिथे १९५६चा मंदिरप्रवेशाचा कायदा पुढे आला आणि १ एप्रिलला न्यायालयाने सांगितलं की तो कायदा पाळून घेणं हे सरकारचं काम आहे. ८ एप्रिल २०१६ला, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा सगळ्यांना खुला केला.

आता कल्पना करा की ही मनाई दिसतच नसती. समजा, बायकांच्या दर्शनाचा रस्ताच असा वळवला असता की चौथरा वाटेत येतच नाही. छान मांडव, थंड पाणी, प्रसाद, ‘ताई, या’ असं आदराचं स्वागत, आणि पलीकडून बाहेर. मग अडवणार कुणाला आणि कुठे? न्यायालयात जाऊन मागणार काय? जे आहे हेच माहीत नाही, ते कुणी मागत नाही.

इथे तुम्ही मला थांबवाल, आणि थांबवायलाच हवं. बंद दारं उघडपणे दाखवण्यात आपला समाज काही कमी नव्हता. महाडचं तळं कुणाला बंद आहे, नाशिकच्या काळाराम मंदिराची पायरी कुणाला बंद आहे, हे शतकानुशतकं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. दिसत होतं म्हणून ते न्याय्य झालं का? अजिबात नाही. उघड अन्याय हा अन्यायच. मी एवढंच म्हणतो की १९२७ला महाडला जायचं तर कुठल्या तळ्यावर जायचं हे ठाऊक होतं. १९३०ला नाशिकला सत्याग्रह कुठल्या दारापुढे करायचा हे ठाऊक होतं. दार दिसल्याने न्याय मिळत नाही, पण भांडायला जागा मिळते.

आज भेदभावाने त्यातून धडा घेतलाय. तो आता पाटी लावत नाही. पुण्यात खोली शोधणाऱ्या मुलाला आडनाव विचारतात आणि गोड आवाजात सांगतात, “अरेरे, कालच गेली हो खोली.” तो मुलगा काय करेल? कुणाशी भांडेल? त्याला खात्रीही नसते की आपल्याशी काही वाईट झालंय. कदाचित खरंच काल गेली असेल. ‘तुमच्या जातीला खोली देत नाही’ या वाक्याने माणूस दुखावतो. ‘कालच गेली’ या वाक्याने तो दुखावण्याचा हक्कही गमावतो, आणि वर स्वतःवरच संशय घेत बसतो.

कुणाला कळणारही नाही

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९५मध्ये ‘शाश्वत शांती’वर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातल्या दोन गोष्टी आमच्या यादीला नेमक्या लागू पडतात.

पहिली पाहुणचाराची. कांट म्हणतो की परक्या माणसाला शत्रूसारखं न वागवणं ही आपली मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे. पण हा हक्क येऊन भेटण्याचा आहे, घरात मुक्काम ठोकण्याचा नाही. म्हणजे यजमानाला काही खोल्या बंद ठेवता येतात. हे मला पटतं. आमच्या फाइलींच्या कोठारात कुणीही येऊन काहीही टाकावं असं आम्हाला नको आहे. उद्या एखादी व्हायरस असलेली फाइल आली तर पस्तीस जणांचे कॉम्प्युटर बिघडतील. नवख्याने दोन आठवडे थांबावं, आमच्यापैकी एकाशी बोलावं, मग सहा नंबर उघडेल. यात गैर काही नाही.

दुसरी गोष्ट उघडपणाची. इतरांच्या हक्काशी संबंध असलेली कृती योग्य आहे का, हे तपासायची त्याची कसोटी साधारण अशी: ज्या तत्त्वावर मी वागतोय ते जाहीर सांगितलं तर माझा बेत टिकेल का? जो बेत गुपित राहिला तरच चालतो, त्यात अन्याय दडलेला असतो.

मित्राच्या सूचनेला ही कसोटी लावून बघा. ‘नवख्यांना कोठार बंद आहे’ हे जाहीर सांगितलं तर काय बिघडतं? काही नाही. नियम तसाच चालतो. मग आकडे सलग करून तो लपवायचा कशाला? मित्राचं उत्तर असं की नवख्याला वाईट वाटू नये म्हणून. हे उत्तर मनापासूनचं आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. खिशात पैसे नसलेल्या पोराला घेऊन आई मिठाईच्या दुकानापुढून जात नाही, लांबच्या रस्त्याने जाते. ती काय त्याला फसवते का?

पण आईत आणि आमच्यात फरक आहे. मिठाईचं दुकान आईचं नाही. दार आम्ही बंद केलंय, आणि ते बंद असल्याचं दुःख होऊ नये म्हणून दारच दिसेनासं करतोय. ज्याने नकार दिला त्यानेच नकाराची खूण पुसायची, यात दया कुठे संपते आणि स्वतःची सोय कुठे सुरू होते, हे पुसणाऱ्यालाही कळत नाही. मला स्वतःला विचारायला हवं होतं: नवख्याने दुखावू नये असं मला वाटतंय, की नवख्याने फोन करून विचारू नये असं वाटतंय?

आपल्या जिल्ह्यातच बंद दार नीट कसं दाखवावं याचा नमुना आहे. हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, पाणी किती आहे, प्यायला किती ठेवायचं, मग शेतीला किती उरतं. ऊस आणि केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही, हे नियम गावाने स्वतःवर घातले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही केवढी मोठी मनाई! पण ती ग्रामसभेत झालेली आहे, आकडे समोर आहेत, कारण समोर आहे, आणि कुणाला पटलं नाही तर उठून बोलायची जागाही तीच आहे. महाराष्ट्राचा २०१५चा लोकसेवा हक्क कायदाही याच वाटेने जातो. कार्यालयाने कुठल्या सेवा देतो, किती दिवसांत देतो, कोण देणार आणि नाही दिली तर अपील कुणाकडे, हे फलकावर लावायचं. सगळ्या सेवा सगळ्यांना मिळतातच असं नाही. पण यादी सगळ्यांसाठी एकच.

यावरून मी बंद दारासाठी तीन अटी काढल्या. ते दिसलं पाहिजे. बंद का आहे ते सांगितलं पाहिजे. आणि ‘हे चूक आहे’ असं सांगायला एक माणूस असला पाहिजे.

तुमच्या फोनला या तीन अटी लावून बघा. आज प्रत्येकाचा पडदा वेगळा आहे. कुठल्या नोकरीची जाहिरात तुम्हाला दिसते, कुठल्या व्याजाचं कर्ज दिसतं, शेजाऱ्याला काय दिसतं, काही पत्ता नाही. मार्च २०१९मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने फेसबुकवर आरोप ठेवला की घरांच्या जाहिराती वंश, धर्म, अपंगत्व अशा गोष्टींवरून काही लोकांना दिसणारच नाहीत अशी सोय कंपनीने जाहिरातदारांना दिली आहे. पुढे तशा सोयी बदलाव्या लागल्या. पण बघा, ज्यांना जाहिरात दिसली नाही ते स्वतः कधीच तक्रार करू शकले नसते. न दिसलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढता येत नाही. त्या यादीत आकडे सलग होते.

सात नंबर

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. सहा नंबरचं उत्तर मिळालं. आता आमच्या बोर्डावर नवख्याला दिसतं: ‘६ फाइलींचं कोठार – दोन आठवड्यांनी उघडेल. कारण वाचायचं तर ६ दाबा.’

सात नंबर मात्र या तीन अटींत बसत नाही.

मागची खोली आम्ही पाच सभासदांच्या मागणीवरून काढली. ती कशाची आहे ते मी इथे जरा बदलून सांगतोय, आणि तेवढंही त्यांना विचारून. समजा, ती अशा मुलांची खोली आहे ज्यांनी स्पर्धा परीक्षेचा नाद सोडलाय पण घरी सांगितलेलं नाही. बापाने कांदा विकून पैसे पाठवले, सहा वर्षं पुण्यात काढली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, आणि आता एक जण हडपसरला गोदामात काम करतो, घरी ‘अभ्यास चालू आहे’ म्हणून सांगतो. या खोलीत ते एकमेकांशी बोलतात. घरी कसं सांगायचं, कधी सांगायचं, याची तालीम करतात.

आता निम्मा बोर्ड एका तालुक्यातला. यादीत ‘परीक्षा सोडलेल्यांची खोली’ अशी ओळ दिसली तर पहिला प्रश्न येणार, यात कोण कोण आहे? पस्तीस माणसांत पाच ओळखायला किती वेळ लागतो? इथे दार दाखवणं म्हणजेच आतल्या माणसाला उघडं पाडणं. कारण सांगणं म्हणजे तर सगळंच सांगणं.

म्हणजे लपवणं कधीकधी योग्य असतं. मग माझी सगळी मांडणी कोसळली का? खूप विचार करून मला एक फरक सापडला. लपवल्याने कुणाचं रक्षण होतं, ते बघायचं. खोली न देणाऱ्या घरमालकाचं गुपित घरमालकाला वाचवतं, म्हणजे ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला. मागच्या खोलीचं गुपित आतल्यांना वाचवतं, आणि त्यांच्या हातात काही नाही. बाहेरच्याचं त्याने काही हिरावलं जात नाही. माझ्या मावसबहिणीला सात नंबर दिसला नाही म्हणून तिची नोकरी, घर, कर्ज, देव, काहीच अडलं नाही. सबळाने लपवलेलं दार शोधून काढावं, दुबळ्याने लपवलेल्या दारावर थाप मारू नये.

पण फरक सापडला तरी यादीत लिहायचं काय, हा प्रश्न उरतोच. मी मित्राला मधला मार्ग सुचवला. सात हा आकडा दिसू दे, नाव नको. ‘७ बंद. विचारायचं असेल तर चालकाला लिहा.’ दाराला पाटी नाही, पण भिंत असल्याचं नाटकही नाही. मित्र म्हणाला, “नुसता आकडा दाखवलास तर लोक जास्तच वास काढतील. गाळलेला आकडा कुतूहल वाढवतो.” पाचांपैकी एकानेही तेच सांगितलं. त्याचं म्हणणं असं की आमच्यासाठी थोडं खोटं बोललं तर काय बिघडतं? तुला तुझी यादी स्वच्छ ठेवायची आहे, त्याची किंमत आम्ही का भरायची?

हा या सगळ्यातला सगळ्यात कठीण प्रश्न आहे, आणि तो मला विचारला तो हरलेल्या माणसाने, मोठ्या तत्त्ववेत्त्याने नाही. ड्रॅगनचे पैसे पाहुण्याने भरायचे, तसंच हे. माझ्या प्रामाणिकपणाचं बिल त्याच्या नावावर फाडायचा मला अधिकार आहे का? नाही. त्यामुळे शेवटी निर्णय मी घेतला नाही. त्या पाचांनाच घ्यायला सांगितला. तिघांनी आकडा दिसू द्यावा म्हटलं, दोघांनी नको. दोघांची भीती मोठी म्हणून सध्या त्यांचं ऐकलंय. नवख्यांच्या यादीत सातची ओळ नाही. आकडे मात्र सलग केलेले नाहीत. सहानंतर आठ येतो. एवढ्यावर ते दोघंही तयार झाले.

मावसबहिणीला मी सांगितलं, “सहाला दोन आठवडे थांब. सातमध्ये काही माणसं आहेत, त्यांनी मला सांगू नको म्हटलंय.”

ती म्हणाली, “बरं. एवढंच सांगायचं ना मग.”

तिने पुढे काही विचारलं नाही. तिला अंदाज आला का, मला माहीत नाही. परीक्षा देणाऱ्यांना एकमेकांचं बरंच काही न सांगता कळतं. पण त्यानंतर मी जेव्हा फोनवर एखादी अगदी गुळगुळीत, सलग आकड्यांची यादी बघतो, बँकेची, कॉलेजची, नोकरीच्या अॅपची, तेव्हा तिच्यासारखं मोजून बघतो. सगळे आकडे जागेवर असतात. मग शेजारी बसलेल्याला म्हणतो, जरा तुझा फोन दाखव, तुझ्या यादीत काय काय आहे?